नासेंत म्हणजे झर नव्हे

गेल्या पावसाच्या तोंडावर पेडण्याच्या बाजूचे एक गृहस्थ आमच्या डिचोलीतल्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे काय, दोन खुर्च्या, एक झेरॉक्स मशीन, एक जुनं कपाट आणि बाहेर बोर्ड, टायपिंग, डीटीपी, भाषांतर. त्यांच्या एका हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत इश्क्रितूर होतं, म्हणजे पोर्तुगीज काळातला जमीन खरेदीचा दस्त, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि दुसऱ्या हातात मोबाईल. म्हणाले, "भाषांतर झालंय सगळं, पुतण्याने एआयवर करून दिलं, तुम्ही फक्त एकदा नजर टाका आणि सही-शिक्का मारून द्या, वकिलाने सांगितलंय शिक्का पाहिजे म्हणून."

मी वाचलं. मराठी एकदम गुळगुळीत, माझ्यापेक्षा बरं म्हटलं तरी चालेल. पण त्यात लिहिलेलं की सदर ग्रामीण इमारत झऱ्याच्या बाजूने अमक्याच्या मालमत्तेला लागून आहे. मी विचारलं, "काका, तिथे घर होतं का?" "नाही हो, माडांचं भाट." "आणि झर?" तर म्हणाले तीच तर शोधतोय, दोन रविवार गेले, जुन्या माणसांना विचारलं, कोणालाच माहीत नाही, बहुतेक आटली असेल.

झालं होतं असं की रोजच्या पोर्तुगीजमध्ये प्रेदियो म्हणजे इमारत, पण दस्तातल्या पोर्तुगीजमध्ये प्रेदियो रुस्तिको म्हणजे शेत, भाट, काजूची मोरड, जे काय असेल ते, जमिनीचा तुकडा, त्यावर घर असलंच पाहिजे असं काही नाही. आणि नासेंत म्हणजे उगम, झर, हे डिक्शनरीत आहे, पण चतु:सीमा सांगताना नासेंत म्हणजे पूर्व आणि पोयेंत म्हणजे पश्चिम. एका शब्दापायी साठीतला माणूस भाटात पाणी शोधत फिरला.

ही गोष्ट मी चार जणांना सांगितली आणि चौघंही खूष, म्हणाले बघ, तुझा धंदा सेफ आहे, मशीनला हे जमणार नाही. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. मग एका रात्री ऑफिस बंद करताना उगाच खाज म्हणून तोच दस्त मी स्वतः एका नव्या मॉडेलला दिला, वर एक ओळ लिहिली की हा गोव्यातला जुना जमिनीचा दस्त आहे, कायद्याच्या अर्थाने भाषांतर कर. पूर्व बरोबर आली. प्रेदियोची जमीन झाली. वर 'फोर' या शब्दाचा अर्थ इथे जमिनीचा वार्षिक खंड, कोर्ट नव्हे, अशी टीपही आली, जी मी मागितली नव्हती. मी शटर अर्धं ओढून तसाच उभा राहिलो.

म्हणून सांगतो, मशीन चुकतं म्हणून आपण टिकणार हा जो दिलासा सगळे एकमेकांना देतात ना, त्यावर पोट बांधू नका. मी हे आधी एकदा बघितलंय. नव्वदच्या दशकात मी डीटीपी शिकलो तेव्हा इथल्या छापखान्यात खिळे जुळवणारे एक काका होते, उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचायचे. ते मला म्हणायचे, कॉम्प्युटरला जोडाक्षरं जमत नाहीत रे, रफार बघ कुठे बसलाय. आणि खरंच होतं, पेजमेकरमध्ये रफार कुठेही जाऊन बसायचा, फॉन्ट बदलला की पान भर चौकोन. पण श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सुधारत गेली, मग युनिकोड आलं, आणि काकांचं म्हणणं बरोबर असूनही काकांचं काम गेलं. पुढे माझं डीटीपीचं कामही निम्म्याच्या वर गेलंच, आज लग्नपत्रिका पोरं मोबाईलवर करतात. तेव्हा रफाराचा भरवसा मी धरत नाही.

मग माणसाची किंमत कशात उरली? माझं मत असं की ती काम करण्यातून सरकून कामाला जबाबदार असण्यात जाऊन बसतेय. पेडण्याच्या त्या काकांना शेवटी भाषांतर नको होतं, ते मोबाईलमध्ये होतंच. त्यांना माझी सही हवी होती. म्हणजे उद्या कोर्टात समोरच्या वकिलाने विचारलं की हे कोणी केलं, तर उठून "मी केलं, आणि पूर्व का लिहिलं ते सांगतो" म्हणणारा माणूस. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीवरच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले खरे म्हणून दाखल केले, नावं, नंबर, निकालातले उतारे सगळं व्यवस्थित, फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. दंड कोणाला झाला? वकिलांना, ५,००० डॉलर. २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारला एका रिपोर्टच्या पैशातला काही भाग परत द्यावा लागला, एआय वापरलेलं आणि संदर्भ खोटे निघाले. तिथेही कॉलर धरली गेली ती कंपनीची. मशीनला कॉलरच नाही.

आणि गोव्यात तर हे जरा जास्तच लागू होतं. २०२२ मध्ये जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली, वर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला, आणि त्या सगळ्या भानगडीत जुने म्हणून दाखवलेले बनावट दस्त हाच मुख्य माल होता. पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात गेले पण वारसाचं भांडण निघालं की कागद त्यांचेच बाहेर काढावे लागतात, आणि ती भाषा वाचणारी माणसं वर्षाला कमी होतायत. अशा ठिकाणी गुळगुळीत कागद तयार करणं फुकट झालं तर स्वस्त काय झालं आणि महाग काय झालं? कागद स्वस्त झाला, तो खरा आहे असं सांगू शकणारा माणूस महाग व्हायला हवा.

व्हायला हवा, म्हटलं. झालाय असं नाही. त्या काकांना मी जेव्हा सांगितलं की तपासून सही करायचे पैसे पडतील, तर त्यांना ते पटेना. "भाषांतर तर झालेलंच आहे, तुम्ही नुसतं वाचणार." आता खरं सांगू का, दुसऱ्याचं तपासायला कधीकधी स्वतः करण्याएवढाच वेळ लागतो, वर डोकं जास्त फिरतं, कारण स्वतः करताना मला माहीत असतं मी कुठे अडखळलो, मशीन कुठेच अडखळत नाही, सगळं एकाच आत्मविश्वासाने लिहितं, बरोबर पण आणि चूक पण. २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर लोकांवर एक प्रयोग झाला, एआय घेऊन काम करताना त्यांना वाटत होतं आपण २० टक्के जलद झालो, मोजलं तर १९ टक्के जास्त वेळ लागलेला. १६ माणसं म्हणजे फार नाहीत, त्यावर घर बांधू नये, आणि टूल्स तेव्हापासून बदलली असतील. पण ते वाचून मला शेजारी भेटल्यासारखं वाटलं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. ही सही करायची लायकी माझ्यात आली कुठून?

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही भाई म्हणायचो. पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले, मराठी, कोकणी, पोर्तुगीज तिन्ही एकाच श्वासात. पहिलं वर्षभर त्यांनी मला भाषांतर करूच दिलं नाही. फक्त दस्त उतरवून काढायचे, आहे तसे, टाइपरायटरवर, कार्बन लावून. मला वाटायचं हा माणूस मला फुकट हमाली करायला लावतोय, आणि ते थोडं खरंही होतं. पण वर्षभर तेच तेच उतरवून डोळ्याला एक सवय लागली, कोणता शब्द कुठे यायला हवा, कोणत्या साली कोणती सही असायला हवी, कोणती चतु:सीमा बरोबर वाटते आणि कोणती वाटत नाही. दुसऱ्या वर्षी भाषांतर दिलं आणि मी काय केलं असेल, नासेंतचं झर केलं. होय, मीच, तीच चूक. भाईंनी लाल पेनाने गोल केला आणि म्हणाले, "झर न्हय रे, सूर्य जल्मता ती दिका." झालं, आयुष्यभर विसरलो नाही. तीन वर्षं माझ्या चुकांचे पैसे भाईंनी भरले, म्हणजे मला थोडाफार पगार द्यायचे आणि माझं काम परत स्वतः करायचे.

आज मशीन माझी पहिली दोन वर्षं दहा सेकंदात करतं. कच्चा मसुदा, उतरवून काढणं, याद्या, तारखा जुळवणं. हेच तर शिकाऊ पोरांचं काम होतं. आणि इथे मला स्वतःवरच बोट दाखवायचंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे साखळीची एक मुलगी शिकत होती, हुशार, पोर्तुगीजचा कोर्स केलेली. तिचं लग्न ठरलं, ती गेली, आणि तिच्या जागी मी कोणाला घेतलंच नाही. कोणाला काढलं नाही, कुठे बातमी नाही, कोणाचा मोर्चा नाही. फक्त एक खुर्ची रिकामी राहिली आणि तिला द्यायचा महिन्याचा पगार वाचला. मी हे कोणाला सांगितलं तर म्हणतात बरोबरच केलंस, कशाला खर्च. धंदा म्हणून बरोबरच आहे हो. पण मी साठीचा होईन तेव्हा डिचोलीत पोर्तुगीज दस्तावर कोण सही करणार?

हे फक्त माझ्या दुकानाचं रडगाणं नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कस्टमर सपोर्टच्या ५,१७९ लोकांचा अभ्यास काढला, एआय मदतीला दिल्यावर सरासरी काम १४ टक्के वाढलं, पण नवख्यांचं ३४ टक्के, आणि जुन्या मुरलेल्यांना जवळजवळ काहीच फरक नाही. कारण ते मशीन शिकलं होतं जुन्या मुरलेल्यांच्याच चॅटवरून, म्हणजे त्यांची वर्षानुवर्षांची हातोटी नवख्याच्या स्क्रीनवर येऊन बसली. (त्या जुन्यांना त्याबद्दल वेगळे पैसे कोणी दिले? हा प्रश्न मला त्या १४ टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो, पण तो वेगळा लेख.) हे वाचून कोणालाही वाटेल की वा, नवख्या पोरांचे दिवस आले. आता दुसरा अभ्यास, ऑगस्ट २०२५, त्याच ब्रिन्योल्फसनचा, अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवरून, तर ज्या कामांना एआयची झळ जास्त त्या कामांत २२ ते २५ वयाच्या पोरांची नोकरी इतरांच्या तुलनेत १३ टक्के घटलेली, आणि त्याच कामातले वयाने मोठे मात्र टिकून.

म्हणजे पोरगं मशीन घेऊन चांगलं काम करू शकतं हे सिद्ध झालं आणि तरी पोरगं नको झालं. मला यात काही कोडं वाटत नाही, मी स्वतः तेच केलंय. मुरलेल्या माणसाला मशीन दिलं की त्याला पोरगं लागत नाही. दुसरीही कारणं असतील, व्याजदर, कोविडनंतरची जास्तीची भरती वगैरे, अर्थशास्त्रवाले त्यावर भांडतायत, भांडू देत. आपल्याकडे टीसीएसने जुलै २०२५ मध्ये १२,००० च्या वर माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, तेही जास्त करून मधल्या आणि वरच्या पायरीवरची, आणि कारण एआय नाही, स्किल जुळत नाही असं दिलं. तेव्हा वरचे सेफ आहेत असंही समजू नका. पण आपल्या गोव्यातली किती पोरं इंजिनिअरिंग करून पुण्या-बंगळूरला पहिल्या नोकरीला जातात ते घरोघरी विचारा, ती पहिली नोकरी म्हणजेच कार्बन लावून उतरवून काढायचं काम होतं, नाव वेगळं एवढंच.

इथे कोणी तरी म्हणणारच, अपस्किल करा. मला या शब्दाची चीड येते आणि त्याला कारण डिचोलीच आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या रस्त्यावरचा धुरळा एका आठवड्यात खाली बसला. मध्ये परत सुरू झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत ठप्प. चूक-बरोबर सोडा, बेकायदा काम झालं होतं हे खरंच आहे. पण ज्या माणसाने वीस वर्षं लोडेड टिप्पर त्या घाटीवरून उतरवला त्याचं कसब एका ग्रॅमनेही कमी झालं नव्हतं. त्याची किंमत मात्र शून्य. ट्रक अंगणात, टायर उन्हात तडकलेले, बँकेची नोटीस दारावर. तेव्हापासून मला कोणी सांगितलं की कामगाराची किंमत त्याच्या स्किलमध्ये असते, तर मी त्याला साखळी-उसगावच्या रस्त्याला चक्कर मारून ये म्हणतो. किंमत माणसात कमी असते आणि आजूबाजूच्या व्यवस्थेत जास्त, कोण विकत घेतं, कोण परवानगी देतं, कोणाला कोणाची गरज पडते.

उलटं उदाहरण पाहिजे तर सरकारी एलडीसीचं, म्हणजे कारकुनाचं घ्या. मशीनला सगळ्यात सोपं काम कोणतं तर त्याचं, आवक-जावक, टिपण, पत्र. पण गोव्यात लग्नाच्या बाजारात अजूनही तोच पहिला नंबर, कारण त्याची किंमत कामात नाही, पदात आहे, आणि पदाला कोणी हात लावत नाही. मी हसत लिहितोय पण यात एक शिकण्यासारखं आहे. एखादं काम टिकवायचं असं समाजाने ठरवलं तर ते टिकतं. मग ठरवताना निदान बरं काहीतरी ठरवा.

खाणबंदीला निदान तारीख होती. आदेश होता, म्हणून पणजीला मोर्चे गेले, मदतीच्या योजना आल्या, भांडायला समोर कोणीतरी होतं. एआयच्या बाबतीत तारीखच नाही. फोन येणं कमी होतं, दर उतरतो, एक खुर्ची भरली जात नाही, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी कमी पडलं. शिकाऊ पोराला तर नोकरी गेली असंही म्हणता येत नाही, कारण त्याला ती मिळालीच नव्हती. जे घडलंच नाही त्याच्यासाठी मोर्चा कसा काढणार?

मला जे पटतं ते सांगतो, मोठं काही नाही. एक, कोर्टात, मामलेदार कचेरीत, बँकेत जो कागद एआयवर केला असेल त्यावर तपासणाऱ्या माणसाचं नाव आणि सही असलीच पाहिजे, नुसता शिक्का चालता कामा नये, आणि त्या तपासणीचा दर ठरलेला असावा, मेहेरबानी म्हणून नको. दोन, शिकाऊंचा खर्च. १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी शिकाऊ घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के. पण कसब मुरतं कुठे? वकिलाच्या ऑफिसात, सर्व्हेयरकडे, अकाउंटंटकडे, माझ्यासारख्या दोन खुर्च्यांच्या दुकानात, जिथे मालक स्वतः बाजूला बसून लाल पेन चालवतो. आमच्यावर सक्ती नाही, ती नकोच, पण शिकाऊच्या पहिल्या दोन वर्षांचा पगार कोणीतरी वाटून घेतल्याशिवाय आम्ही ते करणार नाही, मी तरी केलं नाही. भाई करायचे कारण त्यांना उतरवून काढायला माणूस लागायचाच, त्यात मोठेपणा होता असं मला वाटत नाही. ती गरज गेली. आता शिकवणं हा सरळ तोटा आहे, आणि तोटा आहे हे मान्य करून कोणीतरी भरला पाहिजे.

यावर आमचे एक वकील मित्र म्हणतात, अरे दहा वर्षांनी मशीन इतकं अचूक होईल की सहीची गरजच पडणार नाही. होईलही. पण खोटे दस्त करणाऱ्यांकडे पण तेच मशीन असणार ना. दोन्ही बाजूंनी अचूक कागद आले की जज काय बघणार? शेवटी पुराभिलेखातलं मूळ बाड काढा आणि ते वाचता येणारा माणूस बोलवा असंच म्हणणार. तो तोपर्यंत तयार असला पाहिजे, ऑर्डर दिल्यावर तो बनत नाही.

असो. बोर्ड बदललाय मी. आता दोन दर लिहिलेत, एक भाषांतराचा, आणि त्याखाली एआय भाषांतर तपासून सही, जो वरच्यापेक्षा थोडा जास्त आहे. लोक वाचून हसतात. एकाने विचारलं, "पात्रांव, उलटं छापलं काय?" मी म्हटलं नाही, बरोबर आहे. तो समोर झेरॉक्स काढून गेला, भाषांतर नेलं नाही. पेडण्याचे काका मात्र परत आले होते, आणखी दोन दस्त घेऊन, यावेळी मोबाईल खिशातच. शिकायला म्हणून एक मुलगीही ऑफिस बघून गेलीय, मये गावची, आठवड्यातले तीन दिवस येईन म्हणते. तिला काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि पहिले सहा महिने तिला मशीनला हात लावू द्यायचा की नाही यावर घरात बायकोशी रोज वाद चाललाय. ती म्हणते लावू दे, नाहीतर मुलगी महिन्यात पळेल. तिचं म्हणणं चूक नाही.